पाडण्याआधी निदान भिंत तरी तपासा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर अलीकडे पणजीतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींबद्दल काही पत्रे आली. सूर सगळ्यांचा एकच. या इमारती मोडकळीला आल्या आहेत, त्यांना ना लिफ्ट ना पार्किंग, पावसाळ्यात कधी अंगावर येतील याचा नेम नाही, तेव्हा एकदाच्या पाडून तिथे नवी संकुले उभारावीत. लिहिणाऱ्यांची काळजी खोटी नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना वरून स्लॅबचा पोपडा सुटून पायाशी पडतो तेव्हा काय वाटते, हे मला कोणी सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हापासून मी साव तोमे भागातल्या अशाच एका इमारतीत राहते. पण नोकरीची सगळी वर्षे मी ड्राफ्ट्समन म्हणून इमारतींचे नकाशे काढण्यात घालवली, आणि त्या अनुभवावरून सांगते की जुनी म्हणजे धोकादायक हा हिशेब चुकीचा आहे. कोणती इमारत पाडायची आणि कोणती दुरुस्त करायची हे तिच्या वयावरून ठरत नाही. त्यासाठी ती उघडून बघावी लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे कोणी करत नाही.

आमच्या इमारतीचेच उदाहरण घ्या. रस्त्यावरून पाहिली तर ती एकच दिसते, पण त्या खरे म्हणजे दोन इमारती आहेत. मागचा भाग एकोणिसाव्या शतकातल्या घराचा. जांभ्या चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेल्या, वर सागवानी तुळया आणि मंगळुरी कौले. पुढचा, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा भाग 1956 सालचा, सिमेंट काँक्रीटचा. जिन्याच्या पहिल्या पायरीशी मोझॅकमध्ये काळ्या खड्यांनी ते साल घातले आहे, अजून स्वच्छ वाचता येते. तळमजल्यावर दुकाने, वर दोन मजले, मजल्यावर दोन-दोन बिऱ्हाडे. पहिल्या घरमालकांनी पुढच्या अंगणाच्या जागेत भाड्यासाठी हा भाग चढवला आणि मागच्या जुन्या घरात स्वतः राहिले. त्या काळात पणजीत असे बांधणारे बरेच होते.

तो काळही लक्षात घेण्याजोगा. 1952 साली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने मांडवीच्या काठी हॉटेल मांडवी उभे राहिले आणि गोलाईच्या गॅलऱ्या, आडव्या पट्ट्या, सपाट गच्ची हे नवे वळण लोकांच्या डोळ्यांत भरले. खाणींचा पैसा यायला लागला होता. 1955 साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, आणि बाहेरचा माल यायचा तो मुरगाव बंदरातून. आमचे सासरे सांगायचे की इमारतीची सळई आणि सिमेंट बोटीने आले, पण चिरे आणि वाळू इथलीच. म्हणून पुढच्या भागातही खांब, तुळया आणि स्लॅब तेवढे काँक्रीटचे, मधल्या भिंती मात्र चिऱ्याच्याच. मुंबईच्या धाटणीचा आराखडा गोव्याच्या मातीत कसा रुजला हे ज्याला बघायचे असेल त्याने ही भिंत बघावी.

आता जिना. मी पुष्कळ जिने कागदावर काढले, पण असा एकही नाही. अर्धवर्तुळात वळत जातो, मध्ये कुठेही खांब नाही. पायऱ्या राखी मोझॅकच्या, कडेला लाल पट्टी, पायरीची धार झिजून किंचित गोल झालेली. कठड्यावर सागवानी हातधरण एका ओळीत खालून वरपर्यंत, सांधे शोधावे लागतात. प्रत्येक वळणावर भिंतीत एक गोल खिडकी, बोटीला असते तशी, आणि त्यातून संध्याकाळी मांडवीकडचा वारा सरळ जिन्यात येतो. पायरीची चढण एवढी बेताची आहे की माझ्या सासूबाई नव्वदी ओलांडल्यावरही दुधाची पिशवी आणायला स्वतः खाली उतरायच्या. लिफ्ट नाही हे खरे. पण हा जिना ज्याने आखला त्याने म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचा विचार केला होता. आजच्या कितीतरी नव्या इमारतींत लिफ्ट आहे म्हणून जिना कसातरी कोंबलेला असतो, आणि वीज गेली की वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरात अडकतात.

खोल्यांची उंची अकरा फुटांच्या वर. दारांवर झरोके, समोरासमोर खिडक्या, प्रत्येक खिडकीवर पुढे आलेला छज्जा. हे शोभेसाठी केलेले नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा. छज्जा नसेल तर चार महिने खिडकी उघडता येत नाही, आणि खिडकी उघडता आली नाही तर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. आमच्या स्वयंपाकघरात अजून धुराडे आहे, कारण इमारत बांधली तेव्हा चूल लाकडाची होती. मागच्या अंगणात विहीर आहे. ओपाच्या पाणीपुरवठा केंद्राचे नळाचे पाणी यायच्या आधी सगळी बिऱ्हाडे तिच्यावरच होती. चतुर्थीला आमच्याकडून वरच्या मजल्यावर नेवऱ्या जायच्या आणि नाताळात तिथून दोदोल यायचा, तो याच मागच्या गॅलरीतून. गॅलरी सामाईक, संडास-मोरी तिच्या टोकाला. आताच्या मुलांना ते गैरसोयीचे वाटते, आणि मीही ते बदलून घेतले आहे. सगळे जसेच्या तसे ठेवावे असा माझा हट्ट नाही.

मागच्या भागात दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदाने आहेत. चौकोनी कापलेले पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकावर एक सरकवून बसवलेले. काच महाग होती तेव्हाची ही सोय, पण उन्हाची तिरीप अंगावर न घेता खोली उजळते ती त्यांच्यामुळेच. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, म्हणजे एक तावदान फुटले तर ते पाडलेल्या घरातल्या जुन्या सामानातच शोधावे लागते. गेल्या वर्षी मला पणजीतल्याच मळा भागातल्या एका भंगारवाल्याकडे काही मिळाले. घासून धुतल्यावर मोत्यासारखी चमक आली.

आता दुखण्याकडे येते. काही वर्षांपूर्वी मागच्या भागाच्या भिंतीला ओल आली म्हणून एका ठेकेदाराला बोलावले. त्याने चुन्याचा जुना गिलावा खरवडून काढला आणि सिमेंटचा जाड गिलावा मारला, वर बाहेरचा म्हणून विकतात तो प्लास्टिकसारखा रंग. पहिल्या पावसाळ्यात भिंत सुरेख दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात आतून लोणा फुटला. तिसऱ्या वर्षी गिलाव्याचे फुगवटे आले, आणि आता हात लावला की सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्या मागून चिऱ्याची लाल भुकटी गळते. चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतून पाणी ओढतो आणि चुन्याचा गिलावा ते बाहेर सोडून देतो. सिमेंट ते आतच कोंडते, क्षार साचतात आणि चिरा पोखरला जातो.

आमच्याकडे हे पाणी मुळात जमिनीतच आहे. मांडवी आणि ओरें खाडी यांच्यामधला हा सखल भाग. 1759 साली व्हाइसरॉय जुन्या गोव्याहून आदिलशहाच्या वाड्यात राहायला आले, पण पणजीचे शहर झाले ते दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांच्या कारकिर्दीत, 1827 ते 1835 या वर्षांत. त्यांनी खाचरे आणि पाणथळ जागा भरून, रस्ते सरळ आखून घेतले, आणि 1843 साली नोव्हा गोवा म्हणून ही अधिकृत राजधानी झाली. त्या भरावावर आपली घरे उभी आहेत. जुन्या गवंड्यांना ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी भिंती जाड ठेवल्या, खालची जमीन रस्त्यापासून उंच घेतली, आणि दर पावसाळ्यानंतर चुन्याचा हात दिला, पिवळ्या किंवा लाल मातीचा, नाहीतर निळीचा. घरे दरवर्षी रंगवायची आणि पांढरा रंग चर्चपुरता ठेवायचा असा पोर्तुगीज काळातला दंडक होता, असे म्हातारी माणसे सांगत. तो दंडक कोणाच्या हौशीचा असेल तो असो, भिंतीला त्याचा फायदाच झाला.

आता रस्त्यांवर डांबराचे थर चढत चढत उंबरठ्याला लागले आहेत. आमच्या दुकानांच्या दोन पायऱ्यांपैकी एक रस्त्यात गडप झाली. पावसाचे पाणी जे पूर्वी घरापासून दूर जायचे ते आता घराकडे येते. इमारत खचते आहे असे लिहिणाऱ्यांनी आधी रस्ता किती वर आला ते मोजावे.

पुढच्या काँक्रीटच्या भागाचे दुखणे वेगळे. तिथे चुना लावून काही होणार नाही. समुद्राची खारी हवा आणि वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरतो, आतल्या सळईचे संरक्षण जाते, ती गंजते, गंजताना फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. गॅलरीतला तो पोपडा याचाच. पण त्यातला कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला आहे हे ओळखायची साधी परीक्षा आहे. दोन वर्षांपूर्वी एका तरुण अभियंत्याने आमच्या विनंतीवरून ती करून दाखवली. त्याने गॅलरीच्या तुळईचा एक कोपरा ताजा फोडला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. वरची बोटभर पट्टी तशीच राखी राहिली आणि आतला सगळा भाग डाळिंबी गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे तिथवर कार्बन डायऑक्साइड पोहोचलेला नाही, काँक्रीट अजून जिवंत आहे. जिन्याखालच्या तुळईत तर राखी पट्टी नखाएवढीच निघाली. गच्चीच्या कडेच्या स्लॅबला मात्र रंगच आला नाही, तिथली सळई हातोडीने टोचल्यावर पापुद्रे सुटत होते. म्हणजे गच्चीची ती कड आणि दोन गॅलऱ्या तातडीने दुरुस्त करायला हव्यात. खराब काँक्रीट काढून, सळई घासून, जिथे ती झिजली तिथे नवी जोडून, वर योग्य जाडीचा नवा थर. बाकी ठिकाणी या परीक्षेत तरी काँक्रीट चांगले निघाले. हे सगळे एका दुपारी कळले. त्याआधी शेजारपाजारची माणसे आमची इमारत "गेली" असेच धरून चालली होती.

नवे म्हणजे सुरक्षित हेही तितकेच खोटे. मांडवीवरचा पहिला पूल 1970 साली सुरू झाला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला. सोळा वर्षांचा पूल. त्यानंतर फेरीबोटीसाठी नदीपलीकडे बेतीच्या बाजूला तासन्‌तास ताटकळलेली माणसे आजही पणजीत आहेत. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत खाली आली आणि तीसच्या आसपास माणसे गेली, बहुतेक मजूर. खारी हवा, कच्चे काम आणि देखरेख नसणे यांना इमारतीच्या वयाशी देणेघेणे नसते.

फोंतेन्यां या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीतल्या घरांची सगळीकडे चर्चा होते, पर्यटक तिथे फोटो काढतात, आणि त्या घरांना संरक्षण मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या गोव्याची चर्चे तर 1986 सालीच जागतिक वारशात गेली. पण भाडेकरूंच्या या तीन मजली इमारतींना वारसा म्हणायला कोणी तयार नाही. त्या कोणा धनिकाचा वाडा नाहीत की देवालय नाहीत. तिथे कारकून, शिक्षक, शिंपी, कस्टममधली माणसे, बोटीवर गेलेल्या तारवटींची कुटुंबे राहिली. पणजी राहते शहर झाले ते या बिऱ्हाडांमुळे. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आणि मरीन ड्राइव्हच्या फ्लॅटच्या इमारती 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्या 1930 आणि 1940 च्या दशकांतल्या राहत्याच इमारती आहेत, आजही त्यांत कपडे वाळत असतात. धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांतून, राहून आलेल्या आपल्या कितीतरी गोंयकारांनी त्या रोज पाहिल्या. गोलाईच्या गॅलऱ्यांचे तेच कुळ आपल्याकडे पणजीत आहे, मडगावात नगरपालिकेच्या आसपास आहे, आणि बंदर-रेल्वेमुळे आखून वसवलेल्या वास्कोत तर रस्तेच्या रस्ते आहेत. त्यांची साधी यादीही कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, म्हणून एखादी पाडली तर काय गेले हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

घरमालकांविषयीही न्यायाने बोलायला हवे. 1968 सालच्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे आमच्यासारख्यांना छप्पर टिकले हे खरे. पण आम्ही देतो त्या भाड्यात वर्षाचा चुन्याचा हातही निघत नाही हेही तितकेच खरे. मालकाची तिसरी पिढी आता परदेशात आहे. त्यांनी पदरचे पैसे घालून आमच्या डोक्यावरचा स्लॅब दुरुस्त करावा, ही अपेक्षा मला स्वतःला पटत नाही. आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांनी मिळून दुरुस्तीसाठी दरमहा रक्कम बाजूला टाकायचे ठरवले आहे, आणि मालकांनीही पत्राने होकार कळवला. अडते आहे ते परवानगीपाशी. दुरुस्तीसाठी अर्ज केला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, आणि पाडण्याची नोटीस मात्र लवकर लागते. हे उलटे व्हायला हवे. जिथे काँक्रीटची चाचणी झालेली नाही तिथे इमारत धोकादायक ठरवून पाडण्याची नोटीस निघू नये. चाचणी करणारा अभियंता चिरा आणि चुना ओळखणारा असावा, निदान सोबत एक जुना गवंडी असावा. अशी माणसे अजून फोंडा आणि डिचोलीच्या बाजूला आहेत, पण आता मोजकीच. त्यांची मुले टाइल्स बसवायच्या कामाला जातात, कारण चुना भिजवून आठवडे थांबायला गिऱ्हाईकच तयार नसते. सरकारी जुन्या इमारतींच्या देखभालीची कामे जरी दरवर्षी त्यांच्याकडे दिली तरी हे कसब हातात राहील.

आणि कागद. गोव्याच्या पुराभिलेखाची सुरुवात 1595 सालची, इतिहासकार दियोगु दु कोउतु हे त्याचे पहिले रक्षक. जिथे सव्वाचारशे वर्षे कागद जपण्याची परंपरा आहे तिथे 1950 च्या दशकातल्या इमारतींचे नकाशे घराघरांतल्या ट्रंकांत वाळवीला पडून असावेत हे बरे नाही. आमच्या इमारतीचा मूळ नकाशा मला मालकांच्या जुन्या कपाटात सापडला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, मोजमापे मीटरमध्ये, खोल्यांची नावे पोर्तुगीजमध्ये, आणि जिन्याचा छेद एवढ्या काळजीने काढलेला की माझ्या हाताखालच्या मुलांना दाखवावा. मी त्याची प्रत करून ठेवली आहे. ज्यांच्याकडे असे नकाशे असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. पुराभिलेख खात्याने ते मागवून घेतले तर पुष्कळ घरांतून निघतील.

येत्या मे महिन्यात आम्ही मागच्या भागाची कौले परतणार आहोत आणि सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करणार आहोत. चुना अंगणातल्या टाकीत भिजत घातला आहे. गच्चीच्या कडेचे काम परवानगी आली तर त्याच वेळी होईल. ज्या वाचकांनी इमारती पाडाव्यात म्हणून लिहिले, त्यांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे की त्यांनी ते काम बघायला यावे, जिना चढून बघावा, आणि मग त्यांचे मत पुन्हा याच पानावर लिहावे. माझा पत्ता आपल्याकडे आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन आणि नियमित वाचक,
साव तोमे, पणजी